तुर्काचं दुकान

पाटी रंगवणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा.
आजोबांनी पुरतं नाव सांगितलं: इल्यास युसूफ मुअव्वद.
तो ब्रश कानामागे खोचून म्हणाला,
एवढं वाचणार कोण? दोन शब्दांत भागवू.
तेव्हापासून तुकुमानच्या बाजारपेठेत
निळ्यावर पिवळं:
तुर्काचं दुकान.
खाली बारीक अक्षरांत, बटणं, लेस, अस्तर. उधारी बंद.

तुर्कांच्या फौजेत जायचं नाही म्हणून
हा माणूस एका रात्री होम्सजवळचं घर सोडून निघाला होता.
थोरला भाऊ गेला होता फौजेत.
त्याचे फक्त बूट परत आले,
तेही दुसऱ्याच कुणाचे.

ब्यूनस आयर्सच्या धक्क्यावर कारकुनानं
कागदावरचा सुलतानाचा शिक्का पाहिला
आणि रकान्यात लिहिलं, तुर्क.
लांडग्याला चुकवून आलेल्या मेंढराचं
लांडगा म्हणून बारसं.

भांडला का नाहीत? मी विचारलं होतं, अकरा वर्षांची असताना.
फितीचं रीळ गुंडाळत ते म्हणाले,
माझ्या मागे तीनशे माणसं उभी होती
आणि मला लघवीला लागली होती.

शनिवारी शटर अर्धं ओढून पत्त्यांचा डाव बसे.
'रशियन' यायचा, बेसाराबियाचा ज्यू शिंपी,
रशियन झुंडीनं ज्याच्या बापाचं मशीन विहिरीत टाकलं होतं.
'गालिसियावाला' मलागाचा. गालिसियात पाऊस फार असतो
एवढंच त्याला ऐकून ठाऊक.
आणि 'चिनी'.
पापण्या जरा जड, म्हणून चिनी.
त्याचे पूर्वज या डोंगरांत
आमच्या सगळ्यांच्या आधीपासून मका पेरत होते.
कुठून आलास, असं त्याला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर पंचाईत झाली असती,
तो कुठूनच आला नव्हता.
डाव बहुतेक तोच जिंकायचा.

आमच्या गावचे लोक तसे चांगले.
कुणाला नावं ठेवत नाहीत.
नाव ठेवतात.
एकदाच, आणि मग ते पोरानातवंडांना पुरतं.
मलाही पुरलं. शाळेत तुर्कीण, लग्नात तुर्कीण,
नवऱ्याच्या मयतीला आलेल्या हारावरसुद्धा
'तुर्किणीस, शेजाऱ्यांकडून'.
खरं सांगते, त्या दिवशी ते वाचून बरं वाटलं होतं.

मग परवाच्या उन्हाळ्यात पाद्रीबाबा म्हणाले,
तुमच्याकडचं एक कुटुंब आलंय, व्हिसा मिळवून, सीरियातून.
माझ्याकडचं! मी अंगणातल्या लिंबाच्या पलीकडे
काही पाहिलेलं नाही.
तो आला जॅकेटची चेन घ्यायला.
उंच, खांदे पाडून चालणारा. नाव रेझान.
मी काउंटरवरून हात पसरले, अगदी मायेनं म्हटलं,
ये रे तुर्का, ये,
दुकान तुझंच आहे.

स्पॅनिश त्याला वीसएक शब्द येत असतील.
त्यातला हा एक येत होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर जाऊन पाटीकडे.
मग परत येऊन चेन होती तशी ठेवली,
सरळ, कडेला कड लावून,
आणि गेला.

अफ्रिनचा कुर्द, हे मला नंतर कळलं.
जैतुनाची एकशे वीस झाडं.
आणि कुणाची विमानं वरून आली होती, तेही.

पाटी उतरवावी का?
शिडी दोनदा बाहेर काढली, दोनदा आत ठेवली.
ती तर आता आजोबांचीच सही झालेली.

काल भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना,
एक मुलगी उंबऱ्याशी उभी. आठ वर्षांची असेल.
बापाचे डोळे. पाय आत टाकेना.
शाळेत शिकलेल्या स्वच्छ स्पॅनिशमध्ये म्हणाली,
बाई, तुम्ही खरंच तुर्क आहात?

चौसष्ट वर्षांत
हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी बटणांचा डबा उघडला.
बंद केला.
मग काउंटरची फळी उचलून
बाहेर आले.